एकाच अंगाची धार

आभाळातून जाणाऱ्या माणसाचं तोंड कसं दिसतं हे नंदाबाईला ठाऊक नव्हतं. तिला दिसायचे ते तळवे. दिवाळी सरली की कामशेतच्या वरच्या अंगाच्या टेकडीवरून हौशी माणसं रंगीत छत्र्या पाठीला बांधून उड्या मारायची आणि करंजवाडीच्या डोक्यावरून तरंगत जायची. नंदाबाई खाली वाफ्यात वाकलेली असायची. वरून कुणीतरी "हाय मावशी" म्हणायचं, ती मान वर करायची, तर बुटांचे दोन तळवे. कुणाच्या तळव्याला चिखल, कुणाच्या शेण. "ह्ये तर माझ्याच गोठ्यातलं दिसतंय," असं ती एकदा म्हणाली होती. ते खरंही असावं, कारण ही सगळी मंडळी उतरायची ती तिच्याच माळावर.

वर्षानुवर्षं लोकांचे तळवे बघून माणसाला एक तर राग येतो नाहीतर हौस येते. नंदाबाईला हौस आली. हौस साठीला टेकल्यावर आली की ती मोठेपणी आलेल्या गोवरासारखी असते, ताप जास्त. तिनं ती कुणाला बोलून दाखवली नव्हती, पण या लोकांना उडवून आणणारी लोणावळ्याची माधवी मोठी चलाख मुलगी. माणसाला पुढ्यात बांधून घेऊन उडायची आणि परत आणून ठेवायची, हा तिचा धंदा. मावशीची मान सारखी वर का असते हे तिनं ओळखलं.

"मावशी, येत्या रविवारी हंगामाची पहिली उडी," ती म्हणाली. "दरवर्षी नारळ फोडून आमच्यातलंच कुणीतरी मारतं. यंदा तुम्ही चला माझ्याबरोबर. फक्त रविवारच्या दुपारपर्यंत माळ कापून झाला पाहिजे. कमरेएवढ्या गवतात उतरता येत नाही, छत्रीच्या दोऱ्या अडकतात."

"आन न्हाई झाला तर?"

"तर ओढ्यापलीकडं रखमाजींच्या माळावर उतरावं लागेल. मग त्यांना न्यायला हवं, तेही मागे लागलेत. आणि सोमवारपासून पुण्या-मुंबईची गर्दी. होळीपर्यंत मला जेवायला फुरसत नसते."

रखमाजी म्हणजे माजी सरपंच. त्यानं चार माणसं लावून आपला माळ विळ्यानं आधीच चकाचक करून घेतला होता आणि कामशेतातून एक काळा गॉगल आणला होता. तो गॉगल घालून तो देवळाच्या पारावर बसायचा आणि अधूनमधून वर बघायचा. नंदाबाईला उडायचं तर होतंच, पण तिच्या माळावरून रखमाजी तळवे दाखवत जाणार, ही कल्पनाच तिला सहन होईना. आता ती उडणार नाहीतर वर्षभर मान खाली घालून चालणार, एवढं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

माळ कापायला तिच्याकडे यंत्र होतं. वाडीतल्या बायकांच्या गटानं ते मिळून घेतलं होतं आणि चालवायचं कसब नंदाबाईच्याच हातात बसलं होतं. दोन चाकं, मागे धरायला दोन मुठी आणि पुढे जमिनीलगत एक आडवी पट्टी. पट्टीवर तिकोनी पाती रिव्हेटनं ओळीनं ठोकलेली. इंजिन चालू झालं की ती पट्टी डावी-उजवीकडे सरसर पळायची आणि गवत मुकाट्यानं आडवं व्हायचं. पोरांनी यंत्राला सुसर नाव ठेवलं होतं. सुसरीला दातांच्या दोन पट्ट्या होत्या, एक तोंडात आणि एक घरी. डोंगराकडचं गवत जरड. अर्ध्या दिवसात पाती बोथट व्हायची, मग दुसरी पट्टी चढवायची आणि पहिलीला धार काढायची.

शुक्रवारी सकाळी नंदाबाईनं पदर खोचून सुसर चालू केली. दोन पट्टे झकास गेले. तिसऱ्या पट्ट्यात ती मनातल्या मनात बरीच उंच पोचली होती, तेवढ्यात खालून खण्णकन आवाज आला, यंत्रानं उडी मारली आणि बंद पडलं. दोन पाती मोडून पडली होती आणि पट्टीला बाक आला होता. तिनं गवत बाजूला सारून बघितलं तर जमिनीत एक लोखंडी मेख. मेख ओळखीची होती. तिच्या मैनेची, म्हणजे म्हशीची.

म्हशीचं नाव मैना कुणी ठेवलं हे आता कुणाला आठवत नाही. मैना अंगानं काळीकुट्ट आणि स्वभावानं त्याहून. नंदाबाईखेरीज कुणाला ती कासेला हात लावू देत नसे. तिला माळावर बांधायची मेख पावसाळ्यात हरवली होती, आणि ती शेजारच्या महिपतीनं चोरली असं नंदाबाईचा नवरा दत्तोबा आल्यागेल्याला सांगत होता. त्यावरून महिपतीचं आणि त्याचं बोलणं बंद होतं. मेख ठोकली होती दत्तोबानंच, आणि तिच्यावर गवत वाढलं होतं.

बायकोनं मेख पुढ्यात टाकली तेव्हा दत्तोबानं ती उलटसुलट करून बघितली.

"महिपतीनं आनून टाकली आसंल," तो म्हणाला.

उडीचं ठरल्यापासून हा माणूस गप्प गप्प होता, भाकरी अर्धी ठेवून उठत होता. एकदाच म्हणाला होता, "बाईमानसाचं वजान वाऱ्याला पेलंल का?" आता मेख सापडल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जरा टवटवी आल्यासारखी वाटली, आणि ती तिच्या नजरेतून सुटली नाही. पण भांडायला वेळ नव्हता. तिनं मोडकी पट्टी काढली, पोत्यात गुंडाळली आणि टमटम धरून कामशेत गाठलं. पट्टीचं एक टोक सारखं शेजारच्या माणसाच्या बरगडीत जात होतं. त्यानं दोनदा तोंड वाकडं केलं, तेव्हा ती म्हणाली, "जरा सोसा भाऊ, मला उडायचंय." तो पुढच्या थांब्याला उतरून गेला.

कामशेतात अशी पाती बसवावीत ती युनूसनंच. त्यानं पट्टी डोळ्यासमोर धरली, एक डोळा मिटला आणि तिच्या कण्यावरून नजर फिरवली.

"पट्टी सरळ होईल, वहिनी. दोन पाती नवीन बसवतो. पण घाईत ठोकली तर पुन्हा तुटेल, हळूहळू बाक काढावा लागतो. उद्या दुपारी टमटमवाल्याबरोबर पाठवून देतो."

"सकाळी न्हाई व्हायची?"

"सकाळी दिली तर दुपारी परत आणाल."

नंदाबाईनं बोटांवर हिशेब केला. सकाळ वाया घालवून चालणार नव्हतं. घरी दुसरी पट्टी होती, पण ती गेल्या आठवड्यात वापरून तशीच बोथट ठेवलेली. तिला आज संध्याकाळी धार निघाली तर उद्या उजाडताच कामाला लागता येईल. घरी जायचं तर टमटम भरल्याशिवाय हलत नाही आणि ती भरायला दिवस मावळतो. म्हणून तिनं तिथूनच दत्तोबाला फोन लावला. आवाज येत होता, जात होता.

"अवो, ऐकताय का? मला याला दिवस बुडंल. तवर धार काढून ठेवा."



"मी?" दत्तोबा म्हणाला.

"तुमी न्हाई तर कोन, महिपती?"

"मला जमंल का गं?"

"न जमाया काय झालं? आधी फडक्यानं पुसून घ्या. मग बूड टेकून निवांत बसा."

"आन ती हलली तर?"

"हलली तर पायानं दाबून धरा."

"पायानं?"

"मग काय डोक्यानं? मी तसंच करती."

"तू तसं करतीस?" दत्तोबाच्या आवाजात आदर होता. इतकी वर्षं संसार करून त्याला हे माहीत नव्हतं.

युनूस मागून म्हणाला, "वहिनी, एकाच अंगानं काढायला सांगा. दुसऱ्या अंगाला हात लावला की संपलं."

"युनूसभाई सांगत्यात, एकाच अंगानं काढा," नंदाबाई फोनमध्ये ओरडली. "दुसऱ्या अंगाला बोट लावू नका."

"युनूसभाई? त्येंचा काय संबंध?"

"त्येंच्याइतकं त्यातलं कुनाला कळतंय? आन पानी मारत ऱ्हावा. तापू देऊ नका."

"पानी. बरं."

"हात जपा. लय वंगाळ लागतं."

"त्ये मला ठावं हाय," दत्तोबा म्हणाला, आणि फोन बंद झाला.

युनूसची बायको अजीजुन्निसा चहा घेऊन आली होती. तिनं उडण्याची सगळी हकीकत ऐकून घेतली आणि शेवटी हळूच विचारलं, "पुढ्यात दोघी मावतात का हो?" मग दोघींना हसू आवरेना, आणि चहा बशीत कमी आणि पदरावर जास्त सांडला.

या सगळ्या आनंदात एक गोष्ट नंदाबाईच्या ध्यानातून साफ गेली. ती वेळ मैनेच्या धारेची होती. आजवर तिनं कितीही घाई असो, म्हशीची वेळ कधी चुकवली नव्हती. बहिणीच्या लग्नातून ती मंगलाष्टकं झाल्या झाल्या निघून आली होती. त्या बाईनं दिवस कलताना फोन करून "धार काढून ठेवा" म्हटल्यावर दत्तोबानं दुसरं काय समजायचं? पट्टी त्याच्या डोक्यातही नव्हती. त्याच्या डोक्यात मैना होती, आणि मैनेच्या लाथा.

नंदाबाई घरी पोचली तेव्हा अंगणात चिखल झाला होता. म्हशीच्या अंगावरून पाणी निथळत होतं. मैनेच्या कासेपाशी कुणीतरी बाई पाठमोरी बसली होती, आणि त्या बाईच्या अंगावर नंदाबाईचं हिरवं लुगडं होतं. कोण बया माझं लुगडं नेसून माझी म्हैस पिळतेय, म्हणून ती तरातरा पुढे गेली. बाईनं तोंड वळवलं. बाईला मिशा होत्या.

"ह्ये काय?" नंदाबाई म्हणाली.

"मला वळखती ती. तुजं लुगडं पायल्याबिगर हुबी ऱ्हाईना," दत्तोबा म्हणाला. डोक्यावरचा पदर सावरत तो उठला, तेव्हा तो लंगडतोय हे दिसलं. "तू सांगितलंस तसं सगळं केलं. पुसून घेतलं. पानी मारलं, चार बादल्या. उजव्या अंगाला बोट लावलं न्हाई. फकस्त पायानं दाबायला गेलो, तवा तिनंच मला दाबलं."

नंदाबाईनं वाकून बघितलं. मैनेच्या कासेचा डावा भाग मोकळा झालेला आणि उजवा टम्म फुगलेला. रेडकू दाव्याला ओढ देऊन ओरडत होतं आणि मैना मान वळवून या दोघांकडे बघत होती.

"अवो, मी पट्टीची धार म्हनत व्हते."

"पट्टीची कुटं म्हनालीस?"

पट्टी भिंतीला टेकून होती. जशी ठेवली होती तशी, बोथट. नंदाबाईनं तिच्या एका पात्यावरून अंगठा फिरवला. अंगठा नुसता घसरला. तिला रखमाजीचा गॉगल डोळ्यापुढे दिसायला लागला आणि डोळ्यात पाणी आलं. ती ओट्यावर बसली. खरंच रडणार होती. पण तेवढ्यात तिला आठवलं, "तू तसं करतीस?", तो आवाज, तो आदर. मग चार बादल्या आठवल्या. आधी तिचे खांदे हलले, मग पोट, मग ती ओट्यावर आडवी झाली. तिला श्वास घेता येईना. "युनूसभाई सांगत्यात," एवढं म्हणायची आणि पुन्हा लोळायची. दत्तोबा लुगड्यातच उभा होता. थोडा वेळ तो रुसल्यासारखा होता, मग त्यालाही सुटलं. दोघं एवढी हसली की कुंपणापलीकडून महिपतीनं डोकं वर काढून बघितलं. लुगड्यातला दत्तोबा बघून त्यानं ते गुपचूप खाली घेतलं.

हसू ओसरल्यावर नंदाबाई डोळे पुसत म्हणाली, "एक खरं सांगा. मेख मुद्दाम ठेवली व्हती?"

"न्हाई गं. देवाशपथ इसरलो व्हतो." दत्तोबा तिच्या शेजारी बसला. "पर सापडली तवा बरं वाटलं, ह्ये खरं हाय."

"का?"

"तू वर जायाचं म्हनतीस तवापास्नं मला भाकर उतरत न्हाई. तू न्हाई आलीस खाली तर मी ह्या म्हशीबरुबर जगू? ती मला लाथा घालती, आन तुला माज्यापरास जास्त जीव लावती. दोघं मिळून रडत बसू आमी."

हा माणूस असं बोलतो हे तिला नवीन होतं. तिनं त्याच्या मांडीवर थाप मारली. "धा मिंटं जायाचंय मला, सासरी न्हाई चालले." मग ती उठली, मैनेचं उजवं अंग मोकळं केलं आणि बादली आत ठेवली. पट्टीकडे तिनं बघितलं नाही. हात दुखत होते आणि उजेड राहिला नव्हता. ज्याच्या नशिबात तळवे दाखवायचे असतात त्याच्याच नशिबात असतात, असं स्वतःला समजावून ती झोपली.

पहाटे तिला जाग आली ती करकर आवाजानं. आवाज थांबत नव्हता. बाहेर येऊन बघते तर दत्तोबा ओट्यावर बूड टेकून बसलेला. पट्टी पायानं दाबून धरलेली. हातात धारेचा दगड, शेजारी पाण्याचा तांब्या. पात्याच्या उतारावरून दगड एकाच बाजूनं फिरवायचा, थोडं पाणी मारायचं, पुढचं पातं घ्यायचं. जवळजवळ सगळी झाली होती. त्याच्या बोटाला चिंधी बांधलेली होती.

"पुसून घेतलं," तो मान वर न करता म्हणाला. "पायानं दाबलं. हिनं लाथ मारली न्हाई. दुसऱ्या अंगाला बोट लावलं न्हाई."

नंदाबाईनं एका पात्याखाली गवताची काडी धरली आणि नुसती ओढली. काडीचे दोन तुकडे झाले. तिला एवढं बरं वाटलं की तिनं चहात दोन चमचे साखर जास्त टाकली.

शनिवारी सुसर अशी चालली की आवाज ऐकून पोरं गोळा झाली. गवत पडत होतं आणि नंदाबाईच्या डोक्यात वारं शिरलं होतं. कधी नव्हे ते ती यंत्रामागे गुणगुणत होती. रखमाजी गॉगल घालून बांधावर आला, बघितलं आणि गेला. तासाभरानं परत आला, तेव्हा गॉगल कपाळावर होता.

कापलेलं गवत ओढून गंजी घालायला माणूस हवा होता. दत्तोबा कुंपणापाशी गेला आणि घसा साफ केला.

"महिपती, मेख घावली."

"कुनी चोरली व्हती?" महिपती म्हणाला.

दत्तोबानं इकडे तिकडे बघितलं. पोरं ऐकत होती. "कुनीच न्हाई. मीच इसरलो व्हतो."

"जरा जोरात म्हन. रतनला ऐकू गेलं पायजे. तिला तू म्हनाला व्हतास, तुजा नवरा मेखा चोरतो."

दत्तोबानं ते जोरात म्हटलं. महिपतीच्या घरातून त्याची बायको रतन बाहेर आली, ऐकून समाधान झाल्यासारखी मान हलवली आणि गवत ओढायची दोन दाताळी घेऊन दोघं नवरा-बायको माळावर आली. दिवसभर महिपती सज्जनासारखा राबला. फक्त अधूनमधून दत्तोबाला म्हणायचा, "वैनी, जरा पानी द्या." दत्तोबानं ते गिळलं. दुसरं करणार काय?

दुपारी टमटमवाल्यानं युनूसची पट्टी आणून दिली. बाक कुठं होता हे शोधून सापडेना, आणि जुन्या काळ्या पात्यांच्या ओळीत दोन नवी पाती चकाकत होती. पट्टी बदलली आणि सुसर पुन्हा निघाली. दिवस मावळेपर्यंत तुकडाभर माळ राहिला. तो रविवारी सकाळी कापला. शेवटचा पट्टा दत्तोबानं हट्टानं स्वतः चालवला आणि यंत्र त्याला घेऊन वाकडंतिकडं गेलं, मधे गवताची एक लांब मिशी शिल्लक राहिली.

"ऱ्हाऊ द्या," नंदाबाई म्हणाली. "वरनं वळखायला बरी."

माधवी आली, माळ चालून बघितला आणि हसली. वारं ऊन उतरल्यावर चांगलं लागेल, तेव्हा निघू म्हणाली. "पायात बूट हवेत मावशी. चपला गळून पडतात."

बूट कुठले? मुलगा सत्यम बेगडेवाडीजवळच्या कारखान्यात होता, त्याचे जुने कंपनीचे बूट माळ्यावर पडले होते. पुढे आत लोखंडाची वाटी बसवलेले, दगडासारखे जड. नंदाबाईनं ते उतरवले आणि विहिरीवर नेऊन घासले. वरून नाही, खालून. काथ्या आणि साबण घेऊन तिनं तळव्यांच्या खाचाखाचांतला चिखल काढला आणि दोन्ही बूट उलटे करून उन्हात वाळत घातले.

"लय जड हायती," दत्तोबा एक बूट हातात तोलत म्हणाला. त्याला ते आवडले होते. "बरंय. हवा सोडून खाली तरी येशील."

निघायची वेळ झाली तेव्हा तो टेकडीवर यायला तयार होईना. मला बघवायचं न्हाई, म्हणाला. मग गोठ्याकडे हात करून म्हणाला, "आन धारेची येळ व्हईल."

"मग काढून ठेवा."

"कोनती?"

"म्हशीची," नंदाबाई म्हणाली. "दोन्ही अंगाची."

टेकडीवर नारळ फुटला. रखमाजी तिथंही आला होता. त्यानं बराच वेळ नंदाबाईच्या बुटांकडे बघितलं, मग गॉगल काढला आणि तिच्या हातात दिला. "घाल. डोळ्यात वारं जातं म्हनं." तिनं तो घातला. सगळं जग जरा काळं आणि लय छान दिसायला लागलं. माधवीनं तिला पुढ्यात बांधून घेतलं, पट्टे ओढून बघितले आणि सांगितलं, "पळा म्हटलं की पळायचं. जमीन संपली तरी पळत राहायचं."

नंदाबाई पळाली. सत्यमच्या बुटांनी धपाधप धपाधप पळाली, आणि मग बूट वाजायचे थांबले. ती तरीही पळत होती, हवेतच. माधवी म्हणाली, "बास मावशी, आता बसा," तेव्हा तिनं खाली बघितलं आणि तिला हसू फुटलं. परवा ओट्यावर फुटलं होतं तसंच, पोटापासून. भीती वाटायला हवी हे तिला कळत होतं, पण हसण्यातून भीतीला वाटच मिळेना. पवना धरणाचं पाणी चमकत होतं. भाताची खाचरं पिवळी पडली होती. रेल्वेचा डबा दिसला, तो काडेपेटीएवढा होता, आणि ते बघून ती आणखी हसली. तिला आपण हलकं झालोय असं वाटलं, बूट धरून.

"तो बघा तुमचा माळ," माधवी म्हणाली.

माळावर कापलेले पट्टे एकाला एक लागून दिसत होते, आणि मधोमध दत्तोबाची मिशी. पलीकडे कौलं. तिचं स्वतःचं घर तिनं असं कधी बघितलं नव्हतं, एवढंसं आणि झाकपाक केलेलं. छत्री वळली आणि अंगण समोर आलं. अंगणात एक काळा ठिपका होता, आणि त्याला चिकटून एक हिरवा.

"धार काढतंय वाटतं कुणीतरी," माधवी म्हणाली. "कोण आहे हो हिरव्या साडीत? सूनबाई का?"

नंदाबाईनं गॉगल कपाळावर सरकवला. हिरवा ठिपका हलला. डोक्यावरचा पदर मागे पडला आणि एक तोंड वर झालं. आभाळातून जाणाऱ्याला खालचं तोंड दिसतं, हे तिला आज कळलं. मिशासुद्धा दिसल्या, निदान तिला तसं वाटलं. त्यानं बादली उचलून वर दाखवली. भरलेली असावी, कारण त्यानं ती दोन हातांनी धरली होती.

"सून न्हाई," नंदाबाई म्हणाली. "ती मीच हाय."

माधवीला काही कळलं नाही. नंदाबाईला सांगत बसायला वेळ नव्हता. घर पायाखालून निघून चाललं होतं, आणि दत्तोबाला नीट दिसावेत म्हणून तिनं दोन्ही पाय उचलून समोर धरले.